बोअरचं पाणी, गार न करणारा माठ आणि न शिजणारी डाळ: खरं काय, ऐकीव काय?

दुधनाकाठ

राम राम मंडळी. सेलूजवळच्या गावातून विचारतोय. घरी बोअरचं पाणी आहे, मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) १,५०० च्या आसपास दिसतो. या पाण्यावरून घरात आणि पारावर रोज वेगळं मत ऐकायला मिळतं, म्हणून एकदा नीट समजून घ्यायचंय.

गेल्या उन्हाळ्यात घेतलेला माठ यंदा गार करत नाही. कुणी म्हणतं माठ एकाच वर्षाचा असतो, कुणी म्हणतं लाल कामाचा नाही, काळा घ्यायला पाहिजे होता. कूलर मे महिन्यात बरा चालतो, जुलैत नुसता दमट वारा फेकतो. त्यात बर्फ टाका, मीठ टाका असे सल्ले मिळतात. तुरीची डाळ पाच-सहा शिट्ट्या झाल्या तरी बोटचेपी होत नाही, आई म्हणते मीठ आधी पडलं म्हणून. आणि आरओ विकणाऱ्या एकानं दोन ग्लासांत तारांचं यंत्र सोडून दाखवलं. आमच्या पाण्याचा चिखलासारखा तपकिरी गाळ झाला, त्याचं पाणी स्वच्छच राहिलं. घरचे तेव्हापासून घाबरलेत. यातलं खरं किती?

रेगडमाती

माठापुरतं सांगतो, बाकीचं इथले जाणते सांगतील.

दादा, माठाला वयाची मर्यादा नसते. त्याची छिद्रं बुजतात, आणि तुमच्याकडे ती तुमच्याच पाण्यातल्या क्षारांनी बुजली आहेत. माठाच्या भिंतीतून पाणी झिरपत बाहेर येतं आणि पृष्ठभागावर त्याची वाफ होते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती बरीचशी आतल्या पाण्यातूनच काढून घेतली जाते. हिशेब करून बघा: १२ लिटर पाणी ३५ अंशांवरून २४ अंशांवर आणायला साधारण ५५० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम पाणी उडालं तरी पुरे. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सतत आत येत असते, म्हणून माठ गार राहायचा तर दिवसाला अर्धा-एक लिटर पाणी उडत राहावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. वाफ फक्त पाण्याची होते, क्षारांची नाही. १,५०० टीडीएसच्या पाण्याचा एक लिटर उडाला की दीड ग्रॅम क्षार मागे राहतात, तेही नेमके छिद्रांच्या तोंडाशी. तीन महिन्यांच्या उन्हाळ्यात सव्वाशे-दीडशे ग्रॅम होतात. माठाच्या बाहेर जो पांढरा पापुद्रा दिसतो तो हाच. मग झिरपणं थांबतं आणि माठ नुसतं भांडं होऊन बसतो.

खात्री करायची असेल तर माठ रिकामा करून दोन दिवस पूर्ण वाळवा आणि बाहेरून पाण्याचे चार थेंब टाका. थेंब लगेच शोषला गेला तर छिद्रं उघडी आहेत. थेंब तसाच ओघळला तर बुजलीत.

पुन्हा चालू करायचा असेल तर आधी रिकामा माठ कमी क्षाराच्या पाण्यात, पावसाच्या किंवा आरओच्या शुद्ध पाण्यात, पूर्ण बुडेल असा २४ तास ठेवा. पाणी बदलून आणखी एकदा तसंच करा. साधं मीठ आणि त्याच्या जातीचे सहज विरघळणारे क्षार यातच निघतात. उरतो तो चुन्याचा थर. त्यासाठी ५ लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा, फडकं भिजवून बाहेरच्या बाजूला २०-२५ मिनिटं गुंडाळून ठेवा. बारीक फेस आला की समजायचं चुना विरघळतोय. मग काथ्यानं घासून भरपूर पाण्यानं धुवा आणि सावलीत वाळवा. जास्त वेळ ठेवू नका. भाजलेल्या मातीतही थोडा चुना असू शकतो, भिंत कमजोर होते. जिप्समसारखा सल्फेटचा थर असेल तर तो आम्लाला दाद देत नाही. तिथे बारीक पॉलिश पेपरनं वरचा पापुद्रा खरवडणं एवढाच इलाज आहे. साबण मात्र आतून-बाहेरून कधीच लावायचा नाही. छिद्रांत गेलेला साबण निघत नाही, पुढे पाण्याला वास मारतो.

काळ्या-लालचं म्हणाल तर रंग भट्टीतून येतो. भट्टीत हवा खेळती असली की मातीतलं लोह तांबडं होतं. शेवटी भट्टी झाकून धूर कोंडला की तोच माठ काळा निघतो. गारव्याचा संबंध रंगाशी नाही, छिद्रांशी आहे. कुंभार मातीत राख, लीद किंवा भुसा मळतात ते यासाठीच: भाजताना भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक पोकळी राहते. घेताना टिचकी मारून आवाज ऐका, खणखणीत असला तर तडा नाही. मग बाहेरून ओलं बोट लावून ओल किती पटकन शोषली जाते ते बघा. ऑइलपेंटची नक्षी काढलेला माठ दिसायला देखणा असतो, पण रंगवलेल्या भागातून पाणी उडत नाही.

आणि जागा! गॅसजवळच्या बंद कोपऱ्यात ठेवलेला चांगला माठही हरतो. सावलीत, वारा लागेल असा, तिवईवर ठेवा म्हणजे बुडालाही हवा लागते.

वाळ्याची ताटी

कूलरचं शास्त्र माठाचंच, फक्त इथे पाण्याऐवजी हवा गार होते. जुलैत तो का हरतो हे एका साध्या थर्मामीटरवर दिसतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि पंख्याच्या वाऱ्यात पाच मिनिटं धरा. जो आकडा दिसेल तो त्या दिवशीचा तळ. माठ असो की कूलर, त्याखाली जाऊ शकत नाही.

मे महिन्यात दुपारी ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली की हा तळ २२ अंशांच्या आसपास येतो. चांगला पॅड मधल्या अंतरापैकी पाऊण अंतर कापतो, म्हणजे २० पैकी १५ अंश. कूलरमधून २७ अंशांची हवा निघते. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तळच २७ वर असतो. मधे अंतरच तीन अंशांचं, त्यातले दोन-सव्वादोन मिळतात. त्या दिवसांत पंप बंद करून नुसता पंखा चालवा, घाम तरी वाळेल.

बर्फाचा हिशेब करा म्हणजे कुणी टाकणार नाही. ताशी २,००० घनमीटर हवा फेकणारा मध्यम कूलर मे महिन्यात हवेतून ताशी साधारण ३४,००० किलोज्यूल उष्णता काढतो आणि त्यासाठी १४ लिटर पाणी उडवतो. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो. म्हणजे एका तासाच्या कामाचा जेमतेम एक टक्का! टाकीत हात घातला तर गार लागतं, म्हणून खोली गार झाल्यासारखी वाटते. मीठ तर टाकूच नका. खारट पाण्याची वाफ थोडी कमीच होते आणि पॅड, पंप, पत्रा तिन्ही खराब होतात.

रेगडमाती यांनी क्षारांचं सांगितलं ते इथे कितीतरी वेगानं घडतं. तुमचं पाणी कूलरमध्ये वापरलं तर ताशी १४ लिटर उडून २१ ग्रॅम क्षार मागे राहतात. रोज आठ तास चालला तर १६८ ग्रॅम. ६० लिटरच्या टाकीत नुसती भर घालत गेलात तर तीन दिवसांत पाणी सुरुवातीच्या सहा-सात पट खारं होतं. मग पॅडवर दगडी थर चढतो, गवत भिजत नाही, कोरड्या जागेतून गरम हवा तशीच आत येते. म्हणून दर दुसऱ्या दिवशी टाकीखालचं बूच काढून सगळं पाणी सोडा आणि मग नवं भरा. गवताचे पॅड दर हंगामाला बदला. पंपाची जाळी आठवड्याला काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. आरओचं वाया जाणारं पाणी कूलरला वापरतात, ते चुकतं. त्यात क्षार आधीच एकवटलेले असतात. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला ठीक.

आणखी एक चूक आमच्या भागात घरोघर दिसते: खोली बंद करून कूलर लावणं. कूलर बाहेरची कोरडी हवा आत घेतो, तेवढीच हवा समोरच्या बाजूनं बाहेर जायला हवी. कूलर खिडकीबाहेर आणि समोरचं दार किंवा खिडकी किमान वीतभर उघडी. बंद खोलीत तीच ती हवा फिरून अर्ध्या तासात ओलीचिंब होते आणि मे महिन्यातच जुलै येतो.

वरणफोडणी

डाळीत मिठाचा दोष नाही हो, आईंना सांगा. दोष पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. डाळ शिजते म्हणजे ते पेक्टिन विरघळतं आणि पेशी सुट्या होतात. जड पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट बांधतं, मग दहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा आतून कणीदार राहतो. साध्या मिठातला सोडियम उलट कॅल्शियमला थोडा हटवतो. हरभरा, राजमा यांसारखं अख्खं कडधान्य रात्री लिटरला एक मोठा चमचा मीठ घातलेल्या पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून शिजवलं तर साल मऊ होते.

खरा अडसर आहे आंबटाचा. चिंच, आमसूल, टोमॅटो, कैरी आधी पडली की पेक्टिन टिकून राहतं. डाळ पूर्ण घोटून झाल्यावरच चिंचेचा कोळ घाला. तेल आणि हळद शिजायला मदत करतात हाही समज आहे. तेलानं फेस दबतो, शिट्टीचं तोंड चोंदत नाही, एवढाच उपयोग, पण तोही कमी नाही.

करायचं काय: डाळीपुरतं पाणी आदल्या दिवशी १०-१५ मिनिटं खळखळून उकळा आणि झाकून रात्रभर राहू द्या. पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट उकळल्यावर चुना होऊन खाली बसतं. वरचं पाणी न ढवळता अलगद ओतून घ्या, तळाचं टाकून द्या. यानं फक्त उकळून निघणारा जडपणा जातो. सल्फेट-क्लोराइडचा तसाच राहतो. तेव्हा खाण्याचा सोडा घाला, दोन वाट्या डाळीला चिमूटभर. लिटरभर पाण्याला पाव चमचा ही वरची मर्यादा धरा. त्याहून जास्त झाला तर वरणाला साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्वही जातं. आणि डाळ किती जुनी आहे तेही बघा. उन्हाळाभर पत्र्याखाली तापलेल्या कोठीतली डाळ गोड्या पाण्यातही हट्टी होते. दाण्याच्या आतच बदल झालेला असतो. ती एक-दोन तास कोमट पाण्यात भिजवून मग लावा.

प्रयोगवही

तारांच्या प्रयोगाबद्दल लिहितो, कारण त्यात माणसं नाहक घाबरतात.

त्या यंत्रात प्रत्येक ग्लासासाठी दोन सळ्या असतात, एक लोखंडाची आणि एक ॲल्युमिनियमची. वीज सोडली की पाण्यातून ती किती वाहते ते पाण्यातल्या क्षारांवर ठरतं. तुमच्या पाण्यात क्षार भरपूर, म्हणून वीज जोरात वाहते आणि लोखंडाची सळईच झिजून पाण्यात उतरते. तिचा तपकिरी हायड्रॉक्साइड होतो. जो गाळ दिसला तो सळईचा गंज आहे, पाण्यातली घाण नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी, वीज वाहतच नाही, म्हणून काही दिसत नाही.

पुन्हा कुणी आला तर त्याच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका, ढवळा आणि यंत्र पुन्हा लावायला सांगा. तेही पाणी तपकिरी होईल. मीठ तर आपण रोज खातो. सळई कागदानं पुसून आधी-नंतर निरखली तर खड्डेही दिसतात.

याचा अर्थ तुमचं पाणी पिण्याजोगं आहे असा मात्र नाही. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतो. एकूण जडपणा २०० पर्यंत चांगला, तसाच नाइलाज असेल तर ६०० पर्यंत. नायट्रेट ४५ च्या वर चालत नाही. फ्लोराइड १ पर्यंत चांगलं, नाइलाजानं १.५. सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये. टीडीएस मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून अंदाज सांगतं. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड यातलं काहीच ते वेगळं दाखवत नाही. २०० टीडीएसच्या पाण्यात जंतू असू शकतात आणि ९०० टीडीएसचं पाणी जंतूंच्या बाबतीत निर्धोक असू शकतं. म्हणून सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. ग्रामपंचायतीतल्या पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याला विचारलं तर नमुना कसा द्यायचा ते सांगतात. जंतूंसाठीचा नमुना त्यांच्याच निर्जंतुक बाटलीत घ्यायचा आणि त्याच दिवशी पोचवायचा. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत फ्लोराइडचा त्रास जुना आहे, तिकडच्या मंडळींनी तर ही तपासणी टाळूच नये. नायट्रेट निघालं तर पाणी उकळून उपयोग नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट एकवटतं.

मांजराकाठ

लातूरकडून जोडप्रश्न. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते सगळ्या देशानं पाहिलं. आता रेल्वे नाही, पण उन्हाळ्यात टँकर आहेच आणि ते पाणी गढूळ असतं. आम्ही तुरटी फिरवतो आणि तांब्याच्या हंड्यात ठेवतो. एवढ्यानं भागतं का?

प्रयोगवही

दोन्हींचा उपयोग आहे, पण प्रत्येकाचं काम वेगळं.

गढूळपणा म्हणजे मातीचे अतिबारीक कण. त्यांच्यावर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात आणि दिवसभरातही खाली बसत नाहीत. तुरटीतल्या ॲल्युमिनियमनं तो भार मारला जातो आणि कापसासारखे पुंजके होऊन गाळ तळाशी जातो. २० लिटरला अर्धा ते एक ग्रॅम तुरटी पुरते. खडा हातात धरून अंदाजानं फिरवण्यापेक्षा पूड करून वाटीभर पाण्यात विरघळवा आणि ओता. पहिलं मिनिटभर जोरात ढवळा, पुढे दहा मिनिटं अगदी हळू. जोरात ढवळतच राहिलात तर जुळलेले पुंजके फुटतात, बहुतेक घरी इथेच बिघडतं. मग तीन-चार तास हात लावू नका आणि वरचं पाणी ओतून घ्या. तुरटी जास्त पडली तर पाणी तुरट लागतं आणि कणांवर उलटा भार येऊन ते पुन्हा तरंगत राहतात.

तुरटीनं गाळ आणि त्याला चिकटलेले काही जंतू जातात, सगळे नाही. क्षार, नायट्रेट तर मुळीच नाही. म्हणून निवळल्यावर क्लोरीन. क्रम बदलू नका. गढूळ पाण्यात टाकलेलं क्लोरीन मातीतल्या कुजक्या पदार्थांवरच खर्च होतं. ब्लीचिंग पावडर ताजी, तीव्र वासाची असेल तर १,००० लिटरला अडीच ग्रॅमपासून सुरुवात करा, कालवून वरचं निवळ पाणी टाकीत घाला आणि तासभर थांबा. तासानंतर शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम दिसायला हवं. ग्रामपंचायतीकडे तपासायचं ओटी द्रावण असतं, पिवळा रंग आला की आहे. पिशवी उघडी राहिलेल्या जुन्या पावडरीत दम उरत नाही, तेव्हा वजन बरोबर असूनही पाणी कच्चंच राहतं.

तांब्याचं म्हणणं खरं आहे. तांब्याचे आयन जंतूंना मारतात, पण त्यांना वेळ लागतो. रात्रभर, १६ तासांच्या हिशेबानं ठेवा. संध्याकाळी भरून तासाभरात प्यायलं तर काही साधत नाही. भांडं आतून घासलेलं हवं आणि पाणी आधीच निवळलेलं. ताक, कैरीचं पन्हं, लिंबू यातलं काहीही कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवू नका. आंबटात तांबं भराभर उतरतं, पोटात मळमळतं. कल्हई असते ती यासाठीच: नवसागरानं तापल्या भांड्यावरचा ऑक्साइड निघतो आणि २३२ अंशांना वितळणारं कथील कापसाच्या बोळ्यानं पसरलं की अन्न आणि तांबं यांच्यामध्ये थर बसतो.

दुधनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता पुढचं. घरच्यांचं म्हणणं, हा बोअर सोडून द्या, नवीन खोल घ्या, गोड पाणी लागेल. पाणाड्यालाही सांगून ठेवलंय, तळहातावर नारळ उभा राहतो तिथे पाणी, असं त्याचं. तालुक्यात त्याचे बरेच बोअर लागलेत म्हणतात. यात काही तथ्य?

मुरूमखडक

नारळ उभा राहतो हे खरं, पाण्यामुळे राहतो हे खोटं.

सोललेला नारळ तळहातावर आडवा, शेंडी बोटांकडे. गोल बुडाची वस्तू खोलगट तळव्यावर तोल सांभाळत असते. मनगट किंवा बोटं थोडी कलली तरी ती उठते. ही हालचाल स्नायू आपसूक करतात, माणसाला स्वतःला कळतही नाही. म्हणून पाणाडे लबाड असतात असं नाही, बहुतेकांचा मनापासून विश्वास असतो. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये या नकळत होणाऱ्या हालचालींना आयडिओमोटर हे नाव दिलं. इंग्रजी वाय अक्षराची कडुनिंबाची काडी, तांब्याच्या वाकवलेल्या तारा, दोऱ्याचा लंबक, सगळ्यांमागे हेच. पडताळायला सोपं: तोच नारळ ताटलीत आडवा ठेवा आणि ताटली चौरंगावर, चालू बोअरच्या अगदी शेजारी. हात लावू नका. नारळ जागचा हलत नाही.

जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये मोठी चाचणी झाली. एका कोठाराच्या तळमजल्यावर वाहत्या पाण्याची नळी दर वेळी वेगळ्या जागी ठेवायचे आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यांनी जागा सांगायची. निवडक ४३ पाणाडे, ८४३ चाचण्या. प्रयोग करणाऱ्यांना काही जणांत कौशल्य दिसलं होतं, पण अमेरिकी शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी पुढे तेच आकडे तपासले तेव्हा ते अंदाजपंचे सांगण्यापेक्षा वेगळे नव्हते. गावात करायचं असेल तर दहा टोपल्यांखाली दहा बादल्या ठेवा. प्रत्येकीसाठी नाणं उडवा: छापा आला तर भरलेली, काटा आला तर रिकामी. ठेवणाऱ्यानं लगेच निघून जायचं, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून कुणाला कळणार नाही. दहापैकी पाच-सहा बरोबर येणं नुसत्या नशिबानंही होतं. नऊ किंवा दहा येण्याची शक्यता सुमारे एक टक्का. आधीच आकडा ठरवून घ्या, नंतर सबबी नकोत.

मग त्यांचे बोअर लागतात कसे? आपल्या जमिनीमुळे. मराठवाड्याखाली लाव्ह्याचे थरावर थर आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट. पाणी नदीसारख्या नाडीतून वाहत नाही. ते मुरमात, भेगाळलेल्या खडकात, छिद्राळ मांजऱ्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात साठतं. सखल भागात, नाल्याच्या आसपास मुरूम जाड असेल तर कुठेही खणा, थोडंफार लागतंच. लागलेले बोअर लोक सांगतात, कोरडे गेलेले कुणी सांगत नाही.

खोल गेलं की गोड लागेल हाही भरवसा नाही, बहुधा उलट होतं. पाणी जितका काळ खडकाच्या सहवासात राहतं तितके क्षार विरघळतात, आणि खोलातलं पाणी जास्त मुरलेलं असतं. शिवाय खाली खाली भेगा कमी होत जातात, काळा पाषाण लागला की मीटरमागे पैसे जातात आणि पाणी वाढत नाही.

त्यापेक्षा वही घ्या आणि अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी-बोअरची नोंद करा: पाणी किती फुटांवर लागलं, त्या वेळी कसला खडक निघत होता, मे महिन्यात पातळी किती, टीडीएस किती. गेरूचा तांबडा थर कुठे लागला तेही विचारा. तो दोन लाव्हा थरांच्या मधला असतो. ही वहीच अर्धं काम करते. मग विद्युत रोधकता सर्वेक्षण करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा, ही यंत्रणा १९७२ पासून हेच काम करते. जमिनीत एका रेषेत चार सळ्या ठोकतात, बाहेरच्या दोनमधून वीज सोडतात, आतल्या दोनमध्ये विजेचा दाब मोजतात. बाहेरच्या सळ्या लांब लांब नेल्या की खोलवरचं कळत जातं. अखंड कोरडा पाषाण विजेला मोठा अडथळा करतो, पाण्यानं भरलेला मुरूम कमी. पण ओली चिकणमाती आणि खारं पाणीही कमीच रोधकता दाखवतात, म्हणून विहिरींच्या नोंदीशिवाय नुसता आकडा फसवतो. विजेची तार, काटेरी कुंपण, लोखंडी पाइपलाइन यांच्याजवळ मोजमाप घेऊ देऊ नका.

दुधनाकाठ

पटलं. घरच्यांना ताटली-चौरंगाचं दाखवतो. तोपर्यंत पिण्याला, वरणाला आणि माठाला गोडं पाणी आणायचं कुठून? आरओ घ्यावाच का?

रेगडमाती

तपासणीत नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं तर पिण्यापुरता आरओ घ्या, तिथे दुसरा सोपा मार्ग नाही. नसेल तर आधी छताकडे बघा. आपल्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर १०० चौरस मीटर स्लॅबवर ७०,००० लिटर पडतो. वीस टक्के वाया गेला तरी ५६,००० लिटर. पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य.

पाच माणसांना पिणं, डाळ आणि माठ मिळून रोजचे २५ लिटर धरले तर २,००० लिटरची टाकी ८० दिवस जाते. दोन टाक्या जोडल्या तर दिवाळीपासून शिमग्यापलीकडे येता. टाकी पूर्ण झाकलेली, काळी किंवा रंग दिलेली घ्या. उजेड शिरला की शेवाळ होतं. पहिला पाऊस टाकीत घेऊ नका. १०० चौरस मीटरसाठी पहिलं १०० ते २०० लिटर पाणी धूळ आणि पाखरांची विष्ठा घेऊन येतं. उतरणाऱ्या पाइपला टी जोडून खाली टोपणाचा उभा पाइप आणि त्याला २०० लिटरचा ड्रम लावा. ड्रम भरला की पाणी आपोआप टाकीकडे वळतं. प्रत्येक मोठ्या उघडिपीनंतर ड्रम रिकामा करायचा, हे विसरलं की सगळी व्यवस्था फुकट जाते. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी, त्याआधी वाळू-खडीचा गाळणीचा ड्रम. वाहून जाण्याच्या पाइपलाही जाळी हवी, नाहीतर डास आत अंडी घालतात. क्लोरीन इथेही लागेलच, हिशेब प्रयोगवही यांनी दिलाय तोच.

टाक्या भरून उरलेलं पाणी गाळून बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडा, थेट बोअरच्या केसिंग पाइपमध्ये गढूळ पाणी कधीच सोडू नका, भेगा गाळानं बुजतात. दर मे आणि नोव्हेंबरात बोअरचा टीडीएस मोजून भिंतीवर लिहून ठेवा. फरक पडला तर तो दोन-तीन पावसाळ्यांनी तिथेच दिसेल.